उंदीर क्रमांक दोन

४ जून

वहिनी, नमस्कार.

फोनच केला असता, पण आपल्या घरातला फोन दादाच्या खुर्चीला चिकटलेला आणि दादा खुर्चीला चिकटलेला. म्हणून हा कागद. तुमच्या शहराकडे रोज संध्याकाळी बस सुटते, तिचा ड्रायव्हर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडे पाकीट दिलं की सकाळी तुमच्या प्रयोगशाळेच्या फाटकावर पोचतं. उत्तरही त्याच्याच हाती द्या. भरवशाचा माणूस आहे, ब्रेक मी शिकवलाय.

घरी सगळं ठीक. तुम्ही गेल्यापासून स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या आहेत, एक दिवस दादा करपवतो, एक दिवस मी. बाकी तो शाळेत खेळाच्या तासाला मुलांना पळवतो, रविवारी फुटबॉलच्या सामन्यात रेफरी होऊन शिट्टी फुंकतो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन घरी येतो. मी लोकांना गाडी शिकवतो आणि जिवंत घरी येतो. एकूण दोघांचंही बरं चाललंय.

आता मुद्दा. तुम्ही तिकडे वर्षभर उंदरांच्या डोळ्यांचा अभ्यास करणार, म्हणून एक शंका विचारतो. निव्वळ शास्त्रीय कुतूहल, दुसरं काही नाही. समजा एक उंदीर आहे. चांगला थोराड, धडधाकट, मिशाळ आणि हट्टी. जन्मात डॉक्टरकडे गेलेला नाही आणि वर त्याची फुशारकी मारतो. हा उंदीर परवा चालता चालता मध्येच थांबला. एका डोळ्यावर पंजा ठेवला, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. थोडा वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाला. विचारलं, काय झालं? तर उंदीर म्हणतो, कचरा गेला.

तुमच्या उंदरांच्या डोळ्यांत असा कचरा जातो का? गेला तर तुम्ही काय करता?

दादापाशी या पत्राचा विषय काढू नका. त्याला शास्त्राचं वावडं आहे.

तुमचा दीर


६ जून

भावजी,

तुमचा उंदीर ताबडतोब पाठवून द्या. बोलणारा उंदीर आम्हाला हवाच आहे. आमच्याकडचा एकही बोलत नाही आणि तीच आमची मोठी अडचण आहे.

कुतूहल आहे म्हणता तर सांगते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यावर चित्र उमटतं म्हणून आपल्याला दिसतं. या पडद्याला रक्त कमी पडलं की तो उपाशी मरायला लागतो. किती वेळात मरतो, काय दिलं तर वाचतो, हे माणसावर करून बघता येत नाही. म्हणून उंदीर. त्याला आम्ही गाढ झोपवतो, डोळा बधिर करतो आणि केसाएवढी सुई डोळ्याच्या पुढच्या भागात सरकवतो. सुईला नळी, नळीला मिठाच्या पाण्याची बाटली, बाटली स्टँडवर. बाटली जितकी वर चढवावी तितका डोळ्यातला दाब वाढतो. एका उंचीला रक्त आत शिरायचंच थांबतं आणि लालसर पडदा पांढराफटक पडतो. ठरलेला वेळ झाला की बाटली खाली घ्यायची, रक्त परत येतं. आणि पुष्कळसं नुकसान होतं ते रक्त परत आल्यावर. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं. दुसऱ्या डोळ्याला हात लावत नाही, तो तुलनेसाठी.

आणखी एक पद्धत आहे. तीत डोळ्याला बोटही लावायचं नाही, मानेतली शीर आवळायची. डोळ्याकडे जाणारं रक्त मानेतूनच वर चढतं ना. हे दुखणं संथ चालतं आणि माणसाच्या दुखण्याशी जास्त जुळतं.

पंचाईत पुढे आहे. शुद्धीवर आलेला उंदीर पिंजऱ्यात नेहमीसारखाच हिंडतो. तो मिश्यांवर आणि नाकावर जगतो, एक डोळा अर्धा गेला तरी त्याची तक्रार नसते. मग आम्ही त्याला गोल फिरणाऱ्या पट्ट्यांच्या मधोमध बसवतो आणि पट्ट्यांबरोबर मान वळते का ते बघतो. शेवटी काचेवर पेशी मोजायच्या. मोजणाऱ्याला कुठला डोळा कुठला हे मुद्दाम सांगत नाहीत. सांगितलं की त्याला जे हवं तेच दिसायला लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून टाकते. हे करताना मला वाईट वाटतं, रोज वाटतं. ज्या दिवशी वाटायचं थांबेल त्या दिवशी मी किल्ल्या परत करीन.

आता तुमच्या उंदराबद्दल. कचरा गेलेला माणूस डोळा चोळतो. आळीपाळीनं डोळे झाकून बघणारा काहीतरी तपासत असतो. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि खरं सांगा, हा उंदीर दिवसभर दुसऱ्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबतो का?

वहिनी


७ जून

तुला,

प्रकृती ठीक. शाळा ठीक. पाण्याचा नळ दुरुस्त केला.

एक विचारायचं होतं. धाकट्याच्या डाव्या डोळ्यासमोर मधूनमधून अंधार येतो. पडदा वरून खाली सोडावा तसा. दुखत नाही. काही मिनिटांनी पडदा वर जातो. सामन्याच्या उत्तरार्धात असं झालं तर डावीकडून आलेला बॉल दिसतच नाही, असं तो सांगत होता. काही विशेष नसावं. घरगुती उपाय असल्यास कळव.

त्याला विचारू नकोस, ओशाळेल. इकडे येण्याची काही गरज नाही. हे वर्ष तुला मोठ्या मुश्किलीनं मिळालं आहे.

मी


९ जून

दोघांना मिळून,

हे पत्र एकत्र वाचा. मोठ्यानं वाचा आणि वाचताना एकमेकांकडे बघा.

माझ्यापुढे दोन कागद आहेत. एकात एक मिशाळ उंदीर आहे. दुसऱ्यात एक धाकटा भाऊ आहे, जो जन्मात फुटबॉलला पाय न लावता सामन्याच्या उत्तरार्धात खेळतोय. दुखणं मात्र दोन्हीकडे एकच. मिश्या तर तुमच्या घरातल्या सगळ्याच पुरुषांना आहेत, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. काल फोन केला. एकानं ‘हं’ म्हटलं. मग दुसऱ्यानं रिसीव्हर घेतला आणि आवाज बदलून ‘राँग नंबर’ म्हणाला. भावजी, आवाज बदलता येत नसेल तर बदलू नये.

पडदा वरून खाली येणं आणि काही मिनिटांत जाणं हे डोळ्याचं रक्त मध्येच अडल्याचं लक्षण आहे. पडदा वर गेला म्हणून तुम्ही खूश होता. मला तो वर गेल्याचंच भय वाटतं, कारण मग माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि पुढच्या वेळी पडदा खाली येतो तो तिथंच राहतो. डोळा गेला तर परत आणायची विद्या कुणाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. मी नुसती मोजते.

उंदराला सांगता येत नाही. तुम्हा दोघांना येतं आणि सांगायचं नाही. याचा मला इतका राग आलाय की आज सकाळी मी एकाही पिंजऱ्याजवळ गेले नाही.

तुमच्यातला कोण खोटं बोलतोय ते मला ठरवता येत नाही, म्हणून आमच्या शिस्तीनं जाऊ. दोघंही जा. माझी कॉलेजातली मैत्रीण तुमच्याच शहरात डोळ्यांचा दवाखाना चालवते, बाजारामागे, औषधांच्या दुकानाच्या वर. तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तिला कळवलं आहे की एक माझा नवरा येईल आणि एक दीर. तक्रार कुणाची ते मला माहीत नाही, तूच शोध आणि दोघांच्या बोलण्यावर काडीचा विश्वास ठेवू नकोस. चारही डोळे तपासून ती मला थेट लिहील.

तोवर दोघांनीही गाडीला हात लावायचा नाही. भावजी, एक दिवस शाळा बंद ठेवा. शहरातली माणसं एक दिवस सुरक्षित राहतील.

मी


१२ जून

वहिनी,

हुकमाप्रमाणे चारही डोळे हजर केले.

बाई फार कडक. त्यांनी दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला. मग अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसा म्हणाल्या. मी आणि दादा शेजारी शेजारी, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी म्हटलं, ‘दादा, घाबरलास का?’ तर म्हणाला, ‘गप्प बस.’ मग थोड्या वेळानं त्यानं माझं मनगट धरलं. त्यानं धरलंय हे मला कळलेलं नाही, असं दोघांनीही मानून घेतलं.

परत येताना ऊन आणि फाकलेल्या बाहुल्या. रस्ता नुसता पांढरा दिसत होता. गाडी नाही, रिक्षाला दादा नाही म्हणाला. दोघं एकमेकांचे हात धरून भिंतीच्या कडेकडेनं चाललो. समोरून माझी एक विद्यार्थिनी स्कूटरवर आली. तिनं ओळखून हाक मारली, ‘सर, मी आता रस्त्यावर चालवते!’ मला फक्त आवाज ऐकू आला. आम्ही दोघं गटाराच्या कठड्यावर चढून उभे राहिलो. ती गेल्यावर दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मीही खोटं खोटं पुढे दोनदा अडखळलो.

तपासणी कशी झाली ते मला विचारू नका. बाई कळवतीलच. त्या जे लिहितील ते प्रमाण माना आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नका. माणसाला कधी कधी भावाचं ऐकावं लागतं.

तुमचा दीर


१२ जून

अगं,

तुझी दोन्ही जनावरं तपासली. सरळ सांगते, लपवत नाही.

आधी तुझे यजमान. ठणठणीत. दोन्ही डोळे उत्तम. पण बाई गं, काय हा गप्पिष्ट माणूस! मी तक्त्यावर दिवा लावायच्या आत शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं म्हणून मोकळे. म्हणाले, लायसन्सच्या परीक्षेला हाच तक्ता असतो, लोक पाठ करून जातात, तुम्ही बदला. माझ्या कंपाउंडरला रिव्हर्स कसा घ्यावा ते खुर्चीवर बसून शिकवलं. तू मोठी नशीबवान, घर कसं भरलेलं राहत असेल.

दीर अगदी उलटे. घुम्या माणूस. विचारलं, किती दिवस होतंय? ‘हं.’ मधुमेह, सिगारेट? ‘हं.’ पण डाव्या डोळ्यानं तोंड उघडलं. पडद्यावर एका बारीक रक्तवाहिनीला फाटा फुटतो, तिथं एक पिवळा चमकणारा कण अडकलेला दिसला. असा कण कुठून येतो ते तुला मी सांगायला नको. लगेच मानेची सोनोग्राफी करवली. डावीकडची मोठी शीर आतून चरबी साचून खूपच अरुंद झाली आहे, तिथूनच हे कण सुटतात. आजवर सुटलेले कण बारीक होते, पुढे सरकून गेले. एखादा मोठा सुटला तर डोळा जाईल आणि तो मेंदूकडे वळला तर डोळ्याची चौकशीही कुणी करणार नाही. गोळ्या आजच सुरू केल्या. सर्जनशी बोलले आहे, पुढच्या गुरुवारी शीर उघडून साफ करायची. थांबण्यात अर्थ नाही.

अडचण एकच. दीर संमतीच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, वहिनींना हे कळवू नका, त्या काम टाकून धावत येतील. मी म्हटलं, कळवणार. तर उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. तू त्यांना समजाव. तुझं ऐकतील असं वाटतं, तुझा विषय निघाला की हातातली टोपी चुरगाळत होते.

तुझी बाकावरची शेजारीण


१४ जून

अगं वेडे,

तुला दोघांनी मिळून शेंडी लावली. माझ्या नवऱ्यानं लग्नाला होकार दिला तोही ‘हं’ म्हणूनच. तक्ता पाठ म्हणणारा, कंपाउंडरला रिव्हर्स शिकवणारा, तो माझा दीर. टोपी चुरगाळणारा घुम्या माझा नवरा आहे. तुझ्या दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी अदलाबदल केली असणार आणि ती कल्पना ज्याची होती तो फारसं बोलत नाही, एवढं मला कळतं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा सुरुवातीलाच ‘यजमान ठणठणीत’ असं दिसलं. माझा जीव भांड्यात पडला. मग ‘गप्पिष्ट’ हा शब्द आला. आख्ख्या जगात मी एकटीच असेन, जिला नवरा गप्पिष्ट आहे हे ऐकून रडू फुटलं.

ऐक. सगळ्या कागदांवर माणसं बरोबर करून घे, सर्जनना आजच सांग. गुरुवार पक्का ठेव. माझी रजा झाली आहे, बुधवारी सकाळी पोचते. तो बोलावो न बोलावो, मी येणारच आहे. पण हे त्या दोघांना सांगू नकोस. त्यानं सही केली पाहिजे, आणि मी दारात उभी राहिले म्हणून नव्हे, त्याच्या मनानं. मी पाठीशी उभी राहिले तर तो माझ्यासाठी सही करेल आणि पुढचं दुखणं पुन्हा लपवेल. मला ते नको.

तेव्हा त्यांचाच खेळ त्यांच्याशी थोडा खेळते. तू फक्त साळसूद चेहरा ठेव.

मी


१४ जून

अहो,

(हे पत्र माझ्या गप्पिष्ट, ठणठणीत यजमानांना.)

मैत्रिणीचं पत्र आलं. तुम्ही बोलायला लागलात हे वाचून आनंद झाला. इतकी वर्षं कुठं दडवून ठेवली होती ही वाणी? परत आले की रोज संध्याकाळी माझ्याशी असंच बोलायचं. माझ्या मावशीकडे तुम्ही दरवेळी डोकेदुखीचं निमित्त करून टाळता, आता तिकडे चार दिवस राहायला जाऊ. ती बहिरी आहे, तिला मोठ्यानं बोलणारी माणसं आवडतात. तिला कळवून टाकलं आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही लिहिते, वार्षिक समारंभात भाषण तुम्हीच कराल म्हणून.

तुमची बायको


१४ जून

भावजी,

(हे पत्र मानेची शीर अरुंद झालेल्या माझ्या धाकट्या दिरांना. दुसऱ्या कुणी वाचू नये.)

सही करत नाही असं कळलं. मी धावत येईन अशी तुम्हाला काळजी वाटते म्हणे. काळजी सोडा, मी येत नाही. रजा मागायला गेले होते. साहेब म्हणाले, नवऱ्याचं ऑपरेशन असतं तर आत्ता सोडलं असतं, दिरासाठी नियमात बसत नाही. त्यांचंही बरोबर आहे. दिरासाठी भावजया काम टाकून धावायला लागल्या तर प्रयोगशाळा कशी चालायची?

तुमच्या दादांना उशाशी बसवा. ते हल्ली खूप बोलतात, तुमची करमणूक होईल.

एक मात्र बरं झालं, हे दुखणं तुमच्या वाट्याला आलं, त्यांच्या नाही. रागावू नका, खरं तेच लिहिते. त्यांचं असतं तर मी कुणाला विचारलं नसतं. मी त्यांचं ‘हं’ गेली कित्येक वर्षं ऐकतेय. भूक लागल्याचं ‘हं’ वेगळं, रागावल्याचं वेगळं, आणि मी लांब निघाले त्या दिवशी बॅग गाडीत ठेवताना म्हटलं ते तर अगदीच वेगळं. तो माणूस मला न सांगता अंधार सोसतोय, असं कळलं असतं तर माझं काय झालं असतं? आणि त्याच्या मनात आलं असतं की हिचं काम मोठं, आपला डोळा लहान, तर मी त्याला खांद्याला धरून गदागदा हलवून विचारलं असतं की हे वजन करायला तुला कुणी सांगितलं? मी उंदरांचे डोळे कशासाठी मोजतेय? कुणाच्या तरी घरातल्या माणसाचे वाचावेत म्हणूनच ना? आणि माझ्याच घरातला जायचा?

पण हे तुमच्यापाशी बोलून काय उपयोग. तुम्ही पडलात दीर.

सही करा किंवा करू नका. नवरा असता तर हट्ट धरला असता.

वहिनी


१५ जून, सकाळी

वहिनी,

वाचवा! मी तुमचा नवरा नाही!

दोन्ही पाकिटं आली. मी माझं वाचलं, म्हणजे त्याचं वाचलं, म्हणजे जे मला लिहिलं होतं पण त्याला होतं ते. मावशीकडे मी जाणार नाही. भाषण करणार नाही. तुम्ही ओळखलंत हे मला पहिल्याच ओळीत कळलं, पण दादाला सांगायची हिंमत होत नाही.

मी त्याला शब्द दिला होता की त्याच्या डोळ्याबद्दल तुम्हाला एक अक्षर कळवणार नाही. उंदराबद्दल शब्द दिला नव्हता, म्हणून तो मार्ग काढला. दवाखान्याच्या जिन्यात मात्र तो म्हणाला, ‘आज तू मी हो.’ लहानपणापासून त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी झालो. मला वाटलं, तपासणी तर होतेय, नाव कुणाचं का असेना. आता रोज बघतोय की गोळ्या वेळच्या वेळी घेतो, पण संमतीचा कागद टेबलावर पालथा घालून ठेवतो. माझी झोप उडाली आहे.

तुमचं दुसरं पत्र तो पहाटे पाकिटं आल्यापासून खिशात घालून फिरतोय. पुन्हा काढतो, वाचतो, घडी घालतो. मघाशी मी विचारलं, ‘वहिनींनी काय लिहिलंय?’ तर म्हणाला, ‘तुला लिहिलंय.’ आणि गच्चीवर निघून गेला. आता वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतोय. त्यानं माझ्याकडून कागद मागून नेले. पेनही नेलं.

तुमचा (खराखुरा) दीर


१५ जून

मी धाकटा नाही.

तुला ठाऊक असेलच. तुझं पत्र दोन-तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. तरी लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो. शीर माझी आहे. डोळा माझा आहे. धाकट्याला बोल लावू नकोस, त्याला मी भरीला घातलं.

पहिल्यांदा झालं ते मैदानात. डावीकडचं सगळं गेलं, गोलपोस्टसकट. बॉल आत गेला की बाहेर, मला दिसलंच नाही. मी शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो. लोक ‘आंधळा, आंधळा’ म्हणून ओरडत होते. इतकी वर्षं ओरडताहेत, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. कारण ते बरोबर होते. मी अंदाजानं गोल दिला आणि घरी येऊन जेवलो नाही.

तुला सांगणार होतो. फोनपाशी बसूनच असायचो त्यासाठी. तुझा आवाज आला की सांगावंसं वाटायचं, आणि मग तू पिंजऱ्यांबद्दल, नव्या सूक्ष्मदर्शकाबद्दल बोलायला लागायचीस, इतकी खूश की मी आपला ‘हं’ म्हणायचो. तुझं काम मोठं म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. बाकी अर्धं म्हणजे मी घाबरलो होतो. सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. अजूनही घाबरलोय. मान उघडणार म्हणतात.

कागदावर सही केली. धाकट्यानं साक्षीदार म्हणून केली आणि खाली शेरा मारायला निघाला होता, मी पेन काढून घेतलं.

तुझ्या साहेबांना हे पत्र दाखव. नियमात बसतंय म्हणून सांग. मी नवरा आहे, दीर नाही.

ये. रागावायचं असेल तर इथं येऊन रागाव.

तुझा नवरा